ट्रेलरचा ॲडव्हान्स द्यायच्या आधी

पत्र: ताई, मी साताऱ्याची, वय 31. मिस्टर एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत, मुलगी दुसरीत आहे. माझ्या हातचं थालीपीठ सगळ्यांना आवडतं, म्हणून फूड ट्रेलर टाकायचं ठरवलंय, थालीपीठ, मिसळ, चहा असा सकाळचा नाश्ता. फॅब्रिकेटरने 10 बाय 6 चा ट्रेलर 3 लाख 80 हजारांत सांगितलाय, निम्मे पैसे या महिन्यात दिले तर 20 हजार सूट. आमच्याकडे 2 लाख 60 हजार साठलेत, बाकीचं सोनं ठेवून करू. थालीपीठ मला 30 ला पडेल, 60 ला विकलं तर दिवसाला 100 प्लेटचे 3 हजार म्हणजे महिन्याला 90 हजार सुटतील. दीर म्हणतात चाकं आहेत, पोवई नाक्यावर नाही चाललं तर एमआयडीसीत नेऊ, सीझनला कास रोडला नेऊ. मिस्टरांनी नोकरी सोडून माझ्यासोबत यावं का? आणि सासूबाईंना मी रस्त्यावर उभी राहणार हे पटत नाहीये, त्यांना काय सांगू?

उत्तर:

बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं. हिशोब मांडून विचारतेस, नवरा सोबत आहे, हाताला चव आहे, त्यामुळे धंदा करू नकोस असं मी अजिबात म्हणणार नाही. पण या महिन्यात ॲडव्हान्स देऊ नकोस. 20 हजाराची सूट गेली तर जाऊ दे. फॅब्रिकेटर कुठे पळून जात नाहीये, दिवाळीत, पाडव्याला, परत कुठलीतरी सूट निघतेच त्यांची. ट्रेलर ही या धंद्यात सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे आणि बहुतेक लोक ती सगळ्यात आधी घेतात, मग जागा शोधत फिरतात, आणि तोपर्यंत हप्ता सुरू झालेला असतो.

पहिलं, ते चाकांचं डोक्यातून काढून टाक. दीर बोलतायत ते ऐकायला बरं वाटतं, पण रोज नाश्त्याला येणारा माणूस तुला शोधत पोवई नाक्यावरून एमआयडीसीत येणार नाही. तो त्याच्या रस्त्यावर, त्याच्या वेळेला, त्याच कोपऱ्यावर तू दिसलीस तर थांबतो, दोन दिवस दिसली नाहीस तर पलीकडच्या टपरीवर जायला लागतो. जागा बदलली की धंदा पहिल्यापासून सुरू, हे लिहून ठेव. शिवाय ट्रेलर ओढायचा म्हणजे तो कायद्याने वाहन होतो, मोटार वाहन कायद्यात ट्रेलर वाहनातच धरलाय, त्यामुळे रस्त्यावर ओढायला आरटीओचं रजिस्ट्रेशन लागतं. तुझ्या फॅब्रिकेटरला सरळ विचार, की दादा याची कागदपत्रं मिळणार का, चेसिस नंबर असणार का, पासिंग कोण करून देणार. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं की ताई एकदा टेम्पोला बांधून जागेवर नेऊन लावा, कोण विचारतंय. तसं उत्तर आलं तर समजून जा की तू चाकं लावलेली टपरी घेतेयस. टपरी घेण्यात वाईट काही नाही, पण मग किंमत टपरीची द्यायची.

आता तुझ्या तीन जागा.

पोवई नाक्यावर गर्दी आहे हे खरं, पण ती गर्दी थांबणारी किती आणि पळणारी किती हे बघायला पाहिजे, आणि मुख्य म्हणजे तिथे उभं राहायला नगरपालिका देणार का. 2014 चा पथविक्रेता कायदा आहे, त्याखाली शहरात नगर पथविक्रेता समिती असते, सर्वेक्षण होतं, विक्रीचं प्रमाणपत्र मिळतं, आणि शहरात ना-फेरीवाला भागही ठरवता येतात. आधी नगरपालिकेत जाऊन तुला पाहिजे ती जागा कशात येते ते विचार, आणि प्रमाणपत्र नवीन माणसाला मिळतंय का तेही. "रोजची पावती फाडतात ना, मग झालं" असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, पावती म्हणजे परवानगी नाही. हातगाडीवाला अतिक्रमणची गाडी दिसली की गल्लीत जाऊ शकतो. तुझा साताठशे किलोचा ट्रेलर हलणार कसा? तो उचलून नेला तर सोडवायचा दंड वेगळा, आणि बुडालेल्या दिवसांचं तर कोणी देत नाही.

कास रोडचं सांगते. कासचं पठार 2012 ला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून नाव मोठं झालं, पण फुलांचा मुख्य हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, त्यातही गर्दी शनिवार-रविवारची. त्या दिवसांत वरचा पाऊस आणि वारा तू बघितलायस. स्थानिक गावातली लोकं तिथे आधीपासून भजी-कणसं विकतात, आणि पहिला हक्क त्यांचाच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षातले आठ-दहा वीकेंड म्हणजे वरखर्चाचे पैसे, घर त्यावर चालत नाही. आणि हायवेचा विचार कोणी डोक्यात घातला तर तोही सोड, हायवेच्या कडेची पट्टी हायवेच्याच हद्दीत येते, तिथे पक्का जम बसवताच येत नाही.

राहिली एमआयडीसी, आणि मला तीच तुझी जागा वाटते. पण रस्त्याच्या कडेला नाही, कारण ती जमीनही एमआयडीसी महामंडळाचीच. कोणाचातरी खासगी प्लॉट, गॅरेज, हार्डवेअरचं दुकान, वजनकाटा, असं कोणी बघ ज्याच्या पुढची 15 बाय 20 ची जागा सकाळी रिकामी असते. मिस्टर तिथेच कामाला आहेत, त्यांची ओळख निघेल. भाडं ठरव, 11 महिन्यांचा लेखी करार कर, त्यात लाईट आणि पाणी कोणाचं, रात्री ट्रेलर तिथेच राहणार का, आणि खाली करायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं, एवढं स्पष्ट लिहून घे. मालक कितीही ओळखीचा असला तरी लिहून घे, कारण तुझा धंदा चालायला लागला की त्याच्या मेव्हण्यालाही ट्रेलर टाकावासा वाटतो.

करार करायच्या आधी एक आठवडा वही घेऊन तिथे जा, सकाळी साडेसहा ते साडेदहा. आत्ता आहेत त्या टपऱ्यांवर किती माणसं थांबतात, काय खातात, किती रुपये काढतात, किती वेळ उभी राहतात, सगळं टिपून घे. शिफ्ट कधी चढते, कधी सुटते, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, पगार कोणत्या तारखेला. महिन्याच्या 25 तारखेनंतर साठचं थालीपीठ कमी जातं आणि पंधराचे पोहे जास्त जातात, हे तुला त्या वहीतच दिसेल.

आता हिशोब, कारण तुझी खरी गफलत इथे आहे. 30 ला पडतं हे तू घरच्या अंदाजाने लिहिलंयस असं वाटतं. मी मांडून बघते, तू तुझ्या बिलांवरून आकडे बदल. एका थालीपिठाला 85 ग्रॅम भाजणी धर, विकतची 160 रुपये किलो असेल तर साडेतेरा रुपये झाले. कांदा, कोथिंबीर, मिरची 3. तेल 2. लोण्याचा गोळा 12 ग्रॅमचा म्हटला तरी 7. दही 3, ठेचा-लोणचं दीड, डिश आणि टिश्यू अडीच, गॅस अडीच. 35 झाले. म्हणजे साठातले 25 राहिले, आणि हे 25 तुझा नफा नाहीयेत, यातून अजून सगळं जायचंय. 100 प्लेट रोज, तीसही दिवस, हे पहिल्या वर्षी धरू नकोस. 60 प्लेट आणि 26 दिवस धर. 1,560 प्लेट गुणिले 25 म्हणजे 39 हजार. त्यातून जागेचं भाडं 8 हजार, मदतीच्या बाईचे 11 हजार, लाईट-पाणी अडीच हजार, हप्ता 5 हजार. उरले साडेबारा हजार. त्यात तुझी पहाटे चारपासूनची मजुरी धरलेलीच नाही.

घाबरवत नाहीये, याच आकड्यात जागा आहे म्हणून दाखवतेय. भाजणी विकत न घेता धान्य आणून स्वतः भाजून दळून आणलीस तर किलोमागे चाळीस-पन्नास रुपये वाचतात. लोणी सगळ्यांना सरसकट देऊ नकोस, दही-ठेच्याबरोबरचं साधं 60 ला आणि लोण्याचं 75 ला ठेव, ज्याला पाहिजे तो आवडीने घेतो. आणि चहा. थालीपिठाइतके कष्ट नाहीत आणि प्रत्येक प्लेटमागे एक कप गेला तर तुझं भाडं चहाच भरतो. चहा चांगला कर, पाणचट नको, एमआयडीसीतला माणूस चहासाठी परत येतो आणि मग एक दिवस थालीपीठ खातो.

पण आकड्यांपेक्षा मोठा प्रश्न वेळेचा आहे, आणि घरी करताना तो कधी कळत नाही. थालीपीठ ओल्या फडक्यावर थापायचं, तव्यावर उलटं टाकून फडकं अलगद सोडवायचं, बोटाने भोकं पाडून तेल सोडायचं, झाकण ठेवायचं, उलटायचं, म्हणजे मंद आचेवर पाच-सहा मिनिटं धर. घरच्या तव्यावर तासाला दहा-बारा होतात. आणि साडेसात ते साडेआठ या एका तासात तुझ्यासमोर चाळीस माणसं उभी असतील ज्यांना आठ वाजून पन्नास मिनिटांनी पंच मारायचाय! तिथे चव कोणी विचारत नाही, "किती वेळ लागेल" एवढंच विचारतात. त्यामुळे घरगुती तवा नाही चालणार, जाड लोखंडी प्लेटचा सलग तवा बनवून घे, दोन फूट बाय दीड फूट, बारा एमएम तरी जाडीचा, खाली दोन बर्नर, म्हणजे एकावेळी पाच-सहा बसतात आणि गार थापलं तरी तव्याचा ताव उतरत नाही. कोल्हापूरकडे एका नवरा-बायकोचं काम मी जवळून बघितलंय, बाई गर्दीच्या आधीच एका बाजूने भाजून झाकून ठेवायची आणि ऑर्डर आली की दुसरी बाजू खरपूस करून द्यायची, दोन मिनिटांत डिश हातात, आणि कडा कुरकुरीतच राहायच्या. पीठ मात्र ती तासाला लागेल तेवढंच भिजवायची, कांद्याला पाणी सुटलं की थापायला चिकटतं म्हणून. हे घरी करून बघ. पुढच्या रविवारी नातेवाईकांना बोलाव, एका तासात तीस थालीपिठं कर आणि नवऱ्याला घड्याळ घेऊन बसव.

मेनू अजून लहान कर. मिसळ सुरुवातीला नको. मटकी, कट, फरसाण, पाव, कांदा-लिंबू, एवढा पसारा एका खिडकीतून सांभाळायचा आणि साताऱ्यात मिसळ काय कमी आहे का. थालीपीठ, पोहे, चहा, बस. पोहे तयार असतात, घाईतला माणूस ते घेतो आणि तुझा तवा मोकळा राहतो. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार या दिवशी साबुदाण्याची खिचडी कर, कारण त्या दिवशी भाजणीचं थालीपीठ अर्धंही जाणार नाही. कॅलेंडरवर आत्ताच खुणा करून ठेव. चायनीज ठेव, मोमो ठेव असं सांगणारे रोज भेटतील, त्यांना हो म्हणायचं आणि करायचं नाही.

कागदपत्रांना फार घाबरू नकोस. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन होते, छोट्या धंद्याला साधी नोंदणी पुरते, फी फार नसते, एजंटला दोन-तीन हजार द्यायची गरज नाही. 14 आकडी नंबर मिळतो तो खिडकीजवळ लाव. छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी फुकट आहे. वीसपेक्षा कमी कामगार असले की शॉप ॲक्टची फक्त सूचना ऑनलाइन द्यायची असते. जीएसटीची मर्यादा खाण्याच्या धंद्याला वर्षाला 20 लाख उलाढाल, तू लगेच तिथे जाणार नाहीस, पण पहिल्या दिवसापासून धंद्याचं खातं आणि क्यूआर कोड घरखर्चापासून वेगळा ठेव. 2025 मध्ये बंगळुरात छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या आकड्यांवरून टॅक्सच्या नोटिसा गेल्या होत्या. घरचे, भिशीचे, नातेवाइकांचे पैसे त्याच खात्यात आले तर यातलं धंद्याचं किती हे सांगता सांगता जीव जातो.

सोनं ठेवू नकोस. आधी जिल्हा उद्योग केंद्रात जा, पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम दोन्हीची चौकशी कर. पीएमईजीपीत महिलांना शहरी भागात 25 टक्के आणि ग्रामीणला 35 टक्के अनुदान आहे, आपला हिस्सा 5 टक्के. दोन गोष्टी लक्षात ठेव. एक म्हणजे ही योजना नव्या धंद्यालाच आहे, आधी ट्रेलर घेऊन धंदा सुरू केला आणि मग अर्ज केला तर बसत नाही, ॲडव्हान्स देऊ नको म्हणते त्याचं हेही कारण. दुसरं, अनुदान हातात येत नाही, ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं, त्यामुळे ते पैसे आत्ताच्या खर्चात धरू नकोस. बँकेला दोन-तीन महिने लागतात, आणि ते महिने तुला तसेही पाहिजेतच.

कारण त्या महिन्यांत तू टेबल लावणार आहेस. टेबल लावल्याने योजनेत अडचण येत नाही ना, हे आधी केंद्रात विचारून घे. मग नोंदणी झाली आणि जागा ठरली की त्याच जागेवर दोन टेबलं, एक मोठी छत्री, तो जाड तवा, कमर्शियल सिलेंडर आणि पाण्याचे जार, पन्नास-साठ हजारांत सगळं उभं राहतं. तीन महिने चालव, त्यात पावसाचा एक तरी महिना येऊ दे. रोज 50 च्या वर प्लेट जात असतील, परत येणारी तोंडं ओळखीची झाली असतील तर ट्रेलर घे, तेव्हा तुला तो कसा पाहिजे हेही कळलेलं असेल. नाही जमलं तर तवा आणि टेबलं घरात राहतील, हप्ता कोणाचा नाही.

तेव्हा फॅब्रिकेटरकडे जाशील तर सिलेंडरचा कप्पा आधी बघ, रंग आणि लाइटिंग नंतर. मी एका नव्याकोऱ्या ट्रेलरमध्ये सिलेंडर थेट तव्याखाली, बंद कपाटात ठेवलेला बघितलाय, बाहेरून सगळं चकाचक आणि आत बाईच्या पायाशी ते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, खाली फरशीवर पसरून साचतो. म्हणून कप्पा बाहेरच्या बाजूला, ओढायच्या दांड्याकडे, जाळीच्या दाराचा आणि तळ उघडा असलेला पाहिजे, आणि ट्रेलरच्या आतही फरशीलगत झरोके पाहिजेत. सिलेंडर 19 किलोचा कमर्शियलच, घरचा वापरू नकोस, जप्त होतो. आग विझवायचा सिलेंडर दाराजवळ, तव्यामागे नाही, कारण आग लागली तर तव्याकडे हात कोण घालणार. ओट्याला 304 ग्रेडचं स्टील लिहून घे, बिलावर ग्रेड लिही म्हणावं. खिडकी पश्चिमेला नको, आपल्याकडे पाऊस तिकडूनच आत येतो. सांडपाण्याची टाकी चांगल्या पाण्याच्या टाकीपेक्षा मोठी पाहिजे. आणि आत उभं राहून बघ, तवा, पीठ आणि पैसे घ्यायची खिडकी यात तुला किती पावलं टाकावी लागतात, चार तास तेच करायचंय.

मिस्टरांनी नोकरी अजिबात सोडू नये. निदान पहिलं वर्ष. कॉन्ट्रॅक्टवरची असली तरी महिन्याला ठरलेली रक्कम घरात येतेय, मुलीची फी त्यातून जातेय, त्यामुळे धंद्याचा वाईट महिना घराच्या किराण्यावर येत नाही. शिफ्ट बदलून मिळत असेल तर सकाळी दोन तास सोबत उभे राहू देत. मदतीला पगारी बाई ठेव, नात्यातली शक्यतो नको, रागवता येत नाही. उधारीची वही ठेवायचीच झाली तर कंपनीच्या कॅन्टीनसारखं महिन्याचं खातं कोणालाही नको, आठवड्याचं, आणि शनिवारी क्लिअर.

सासूबाईंचं राहिलं. त्यांना पटवायला जाऊ नकोस, त्यांना कामाला बोलाव. भाजणीतलं धान्याचं प्रमाण, कोणतं धान्य किती भाजायचं, धणे-जिरे किती, हे त्यांच्या हाताला माहीत असणार, ते त्यांच्याकडून वजनावर मोजून लिहून घे, कारण रोज तीच चव यायला पाहिजे आणि मूठ-पसा मापाने दहा किलोला ती येत नाही. पहिल्या दिवशी एक प्लेट त्यांना तिथे आणून बसवून खायला दे. त्यांची काळजी खोटी नाहीये, बाईमाणूस पहाटे साडेपाचला एकटी एमआयडीसीत कुलूप उघडणार म्हटल्यावर कोणालाही वाटेल. त्याची सोय कर, उघडताना मिस्टर किंवा दीर सोबत, लाईट असलेली जागा, शेजारी वॉचमन. दिरांना एवढी हौस आहे तर पहाटेची ही ड्युटी त्यांना दे, चाकांचा विषय आपोआप मागे पडेल.

वहीतले आठवड्याचे आकडे आणि त्या एका तासात किती थालीपिठं झाली ते मला कळव, मग भाड्याच्या कराराचं बोलू.